तुटला पाहिजे असा जोड

आमच्या घरी पोरांना नीट बोलता यायच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची. तिकडं पाहायचं नाही. बाबांनी वेल्डिंगचा होल्डर उचलला की तोंड फिरवायचं, भिंतीकडे नाहीतर आईच्या पदरात. बाबा ओरडायचे नाहीत. नुसतं "पाहू नको" म्हणायचे आणि काळ्या काचेची ढाल तोंडासमोर धरून कामाला लागायचे. मग समोरच्या भिंतीवर निळा-पांढरा उजेड नाचायचा. वेल्डिंग म्हणजे भिंतीवरचा उजेड, असंच मला कितीतरी दिवस वाटत होतं.

आईनं तर ते कधीच पाहिलं नाही. लग्न झालं आणि पारशिवनीकडच्या खेड्यातून ती बाबांच्या मागे नागपूरला आली, ती थेट या टिनाच्या शेडमध्ये. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ती डबा आणून द्यायची, रॉडचा पुडा हातात द्यायची, बाबा नसले तर गिऱ्हाइकाला मापंसुद्धा सांगायची. पण बाबा म्हणाले "पाहू नको" की तिची मान वळलीच. जन्मभर नवऱ्याच्या कामाकडे पाठ करून बसलेली बाई, असं मी तिला चिडवायची. ती म्हणायची, "तुह्या बापानं सांगतलं तं सांगतलं."

बाबा ग्रील, गेट, शटर, जिन्याचे कठडे बनवायचे. आमच्या जरीपटका वस्तीत मागच्या अंगाला निम्म्या घरांना त्यांच्या हातची गेटं आहेत आणि त्यातलं एकही जोडातून निखळलेलं नाही. हे मी नाही सांगत, बाबाच सांगतात. रस्त्यानं जाताना आपलं गेट दिसलं की थांबतात, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतात. आतून कुत्रं भुंकलं तरी हलवतात. घरमालक बाहेर आला की त्याला म्हणतात, "लोखंड तुटन, पण जोड नाई तुटणार. जोड तुटला तं वेल्डर कायचा?" घरमालक कुत्र्याला आत घेतो.

मग त्यांचा डोळा गेला. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तरी त्यात धुरकट उजेडापलीकडे काही राहिलं नाही. उजवा ठीक होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा जपायचा. वेल्डिंग आता बंद." बाबांनी मान हलवली.

वेल्डिंग बंद झालं ते झालं, पण त्या दिवसापासून बाबा उजेडालाच भ्यायला लागले. शेजारच्या दुकानात कोणी ग्राइंडर चालवला, समोरून मोटारसायकलचा दिवा अंगावर आला, की ते तोंड भिंतीकडे करायचे आणि तळहातानं उजवा डोळा झाकून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "ऊन लागते." सावलीत बसलेल्या माणसाला ऊन लागत होतं. दुकानाचं शटर खाली आलं आणि बाबा मागच्या खोलीत खाटेवर कूलरकडे तोंड करून पडले. बोलणं हो-नाही एवढ्यावर आलं.

त्या वर्षी दसऱ्याला मशीनची पूजा आईनं एकटीनं केली. बाबा उठले नाहीत. आईनं होल्डरला हळद-कुंकू लावलं, मशीनवर झेंडूची माळ घातली, काळ्या काचेची ढाल पुसून खिळ्याला अडकवली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "हा माणूस असाच पडून राह्यला तं संपन, बाई."

आई उगाच बोलणाऱ्यातली नाही. मी तिथंच, झेंडूच्या पाकळ्या गोळा करता करता ठरवलं की बाबांना त्या खाटेवरून उठवायचं. कसं, ते काही सुचत नव्हतं. पण उठवायचं.

मी तेव्हा दागिन्यांच्या एका दुकानात काउंटरला होती. दिवसभर बायकांच्या गळ्यात, मनगटात साखळ्यांचे हूक लावायचे आणि काढायचे, हेच काम. हूक म्हणजे दागिन्याचा शत्रू. उघडतो, वाकतो, केसांत अडकतो, आणि साखळी हरवली की बाई येऊन आपल्यालाच चार शब्द ऐकवते. अशीच एक बाई ऐकवून गेली आणि मी डोकं शांत करायला फोन उघडला, तर त्यात कुठल्या तरी परदेशातली एक पोरगी दिसली. तिनं समोरच्या बाईच्या मनगटावर साखळी मापली, दोन्ही टोकं एका इवल्याशा कडीत घेतली आणि ती कडी तिथेच, हातावरच, एका यंत्राला टेकवली. टिक्. बारीक चमक. कडी जुळली. हूक नाही, काही नाही. आता ही साखळी काढायचीच नाही, आंघोळीला नाही की झोपताना नाही.

मी फोनकडे पाहतच राहिली. अरे, हे तर वेल्डिंग आहे. वेल्डरच्या घरात जन्माला येऊन मी इथं हूक काय लावून राहिली?

घरी येऊन सांगितलं तर आईनं कणकेतून हातच काढला. "आंगावर वेल्डिंग? येडी झाली का वं?"

"आंगावर नाही गं, साखळीला. खाली चामड्याचा तुकडा ठेवतात, चटकासुद्धा लागत नाही."

"लोकं हात देतीन अन् तू भाजून ठेवशीन. मंग तोंड कोणाले दाखवायचं?"

मी काही तरी फणकाऱ्यानं बोलणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. कूलरकडे तोंड तसंच.

"अर्थिंग कुठं देते?"

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत बाबांनी स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. मी अगदी सहज असल्यासारखं म्हटलं, "ज्या चिमट्यात कडी धरायची, त्या चिमट्याला." बाबा उठून बसले. "बराबर हाय," म्हणाले. "जोडाच्या वस्तूले अर्थिंग भेटली पायजे."

त्या दिवशी मी नोकरी सोडायचं पक्कं केलं. लोकांना मी आजही सांगते की मला धंद्याची हौस होती. हौस होतीच. पण खरं कारण खाटेवर उठून बसलं होतं.

मशीन आली ती आमच्या कुकरपेक्षा लहान. सोबत एक गॅसचा सिलिंडर, पेन्सिलीसारखी कांडी आणि वर दोन डोळ्यांनी पाहायचं भिंग. त्या भिंगात एक काच असते. चमक व्हायच्या आधीच ती आपोआप काळी होते, क्षणात पुन्हा स्वच्छ. बाबांच्या जुन्या मशीनशेजारी टेबल मांडून ती ठेवली, तेव्हा आई म्हणाली, "इच्यानं का गेट बनते?" बाबा पहिल्यांदा हसले.

शटर वर गेलं आणि बाबा रोज दुकानात येऊन बसू लागले. पण माझ्याकडे पाठ करून. मी पायानं बटण दाबलं, टिक् झालं, की त्यांचा हात उजव्या डोळ्यावर जायचाच. चमक केवढी, काडेपेटीच्या काडीपेक्षा कमी, आणि तीही त्यांच्या पाठीमागे. तरी हात जायचाच. इतकी वर्षं आम्ही पाठ केली, आता त्यांची पाळी, एवढंच मनात आलं.

पाठ करून बसले तरी बाबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. मी जोडलेली प्रत्येक नमुन्याची साखळी त्यांच्या हातात द्यायची. ते दोन पकडींनी दोन्हीकडून धरायचे आणि ओढायचे. सुरुवातीला माझ्या कड्या पटापट उघडल्या.

"हे वेल्डिंग नाई. हा चटका होये."

"बाबा, दागिना आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली नाही."

"जोड तो जोडच असते. उलटवून मागूनबी टाका मार. अन् कडी जाड घे."

मशीन विकणाऱ्या माणसानं मला फोनवर बजावलं होतं की ताई, कडी साखळीपेक्षा नाजूक ठेवा. का ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याले का समजते? तो मशीन विकते, जोड नाई विकत." मी जाड कडी घेतली. पुढून टाका, मागून टाका. बाबांनी पकडीनं ओढली तर साखळीचाच दुवा तुटला, जोड जिथल्या तिथं. बाबांचा चेहरा असा खुलला की त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून चहा मागितला. कित्येक दिवसांत त्यांनी चहा मागितला नव्हता, दिला तर प्यायचे.

त्या चहापुढे मशीनवाल्याचं कोण ऐकतो.

पाटी बदलू नको, असं बाबांचं म्हणणं पडलं. म्हणून वर 'ग्रील, गेट, शटर' आणि त्याच्या खाली मी रंगवून घेतलं, 'न निघणारी साखळी'. पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ विचारायला आले की ही साखळी कुत्र्यासाठी का गेटसाठी. मी त्यांना काय बोलली ते इथं लिहीत नाही. पण हळूहळू पोरी यायला लागल्या. कॉलेजच्या मैत्रिणी जोडीनं यायच्या, एकीच्या हातावर चमकलं की दुसरी किंचाळायची. बहिणी यायच्या. लग्न ठरलेली एक आपल्या आईला घेऊन आली आणि दोघींनी सारखी साखळी घालून घेतली, मग दोघीही रडत बसल्या, तर मला दुसऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर थांबवावं लागलं. जरीपटक्याच्या कापडबाजारातल्या एका आंटीनं हात पुढे करून आधी विचारलं, "बेटा, ये निकलेगी कैसे?"

बाबा पाठमोरेच म्हणाले, "निकलेगीच नहीं."

"मतलब कभी नहीं?"

"आप निकल जाओगे बहनजी, ये नहीं निकलेगी."

मी कपाळावर हात मारून घेतला. आंटी मात्र इतकी हसली की पुढच्या आठवड्यात दोन सुनांना घेऊन आली.

आईला साखळी घालायचं बाबांनीच काढलं. "घरची बाई रिकाम्या हातानं अन् आपण दुनियेले साखळ्या घालून राह्यलो." नाजूक तिला शोभत नाही म्हणून त्यांनी चांदीची चांगली ठसठशीत निवडली. कडी त्याहून जाड. मी पुढून टाका मारला, मागून मारला आणि बाबांच्या समाधानासाठी एक कडेनंही मारला. आई डोळे गच्च मिटून बसली होती. झाल्यावर तिनं हात वर करून फिरवून पाहिला आणि भांडी घासायला निघून गेली. पण जाताना पाहिलं मी. दारातून जाताना तिनं हात उगाचच उजेडात धरला.

राखीच्या आधीचे दिवस. दुकानात गर्दी होती, म्हणून भाजीला आई एकटी गेली. परतताना ई-रिक्षातून उतरत होती. त्या रिक्षाच्या दांडीला चालकानं पिशवी टांगायला लोखंडी आकडा लावलेला होता. आईनं दांडी धरून पाय खाली टाकला, हात काढला आणि साखळी त्या आकड्यात अडकली. चालकाला वाटलं उतरली. त्यानं रिक्षा पुढे घेतली.

नाजूक साखळी असती तर तिचा दुवा तुटला असता. आईची ठसठशीत होती आणि जोड तर आमच्या घरचा. आई रिक्षासोबत धावली, पडली, फरपटली. लोक ओरडले तेव्हा रिक्षा थांबली. त्याच चालकानं तिला घरी आणलं, त्याचं तोंड आईपेक्षा पांढरं पडलेलं होतं. मनगट असं सुजलं होतं की साखळी मांसात रुतली होती. बाबा आत जाऊन आपलं कटर घेऊन आले, आईचा हात मांडीवर घेतला, वाकले, आणि तसेच थांबले. एका डोळ्यानं साखळी कुठली आणि कातडी कुठली, ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी कटर माझ्याकडे दिलं. मी साखळी कापली. हाडाला चीर होती, प्लास्टर घालावं लागलं.

कापलेली साखळी बाबांनी तळहातावर घेतली. कडीवर अंगठा फिरवला. जोड शाबूत होता, ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी साखळी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन खाटेवर कूलरकडे तोंड करून पडले.

एक दिवस गेला, दुसरा गेला. जेवायला बोलावलं तर "भूक नाई." मी आधी समजुतीनं बोलली, मग माझं तोंड सुटलं. माझं तोंड सुटलं की गल्लीला ऐकू जातं.

"पडा. खुशाल पडा. माझं दुकान चाललं खड्ड्यात, आईचा हात मोडला, आणि तुम्ही भिंतीला तोंड दाखवून राहिले. तुमचा डोळा गेला, त्यात माझा काय गुन्हा? त्या खाटेवरून तुम्हाला उठवायला मी नोकरी सोडली, बाबा. तुम्हाला काय वाटलं, मला साखळ्यांचं वेड लागलं होतं?"

हे मी कधी सांगणार नव्हती. तोंडातून निघून गेलं. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसलेली आई म्हणाली, "माह्या हाताचं कोनी इचारा बावा. बापलेकीचं झालं असन तं."

मला हसू आलं आणि रडूही. बाबा हलले नाहीत. मी बाहेर दुकानात जाऊन बसली आणि फोन करायला घेतले. ज्यांना ज्यांना तशा जाड कडीची साखळी घातली होती, त्या सगळ्यांना बोलवायला हवं होतं. हे काम ज्यानं केलं नाही त्याला त्याची मजा कळायची नाही.

"ताई, तुमची साखळी बदलून द्यायची आहे. नाही, खराब नाही. ती तुटत नाही ना, म्हणून."

पलीकडून, "तुटत नाही तं चांगलंच हाय न."

"चांगलं नाही ताई. तुटली पाहिजे."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

असा तिसरा की चौथा फोन चालू होता. मागून चपलांचा आवाज आला. बाबा दारात उभे होते, डोळे लाल.

"ठेव तो फोन," म्हणाले. "लहान हातोडी कुठं हाय?"

बाबांनी छताच्या अँगलला एक तार बांधली. तारेला माझी एक नमुन्याची साखळी लावली, कडी जोडलेली. तिच्या खालच्या टोकाला त्यांनी वेल्डिंगवरची खपली झाडायची लहान हातोडी टांगली. साखळीनं हातोडी धरली. मग ती काढून तिथं त्यांनी घन टांगला, गेटचे पट्टे सरळ करायचा जड घन. साखळी ताणली गेली आणि तशीच राहिली. जोड जागेवर. बाबा त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले.

"हे चुकलं," म्हणाले. "रोजची वढाताण म्हंजे लहान हातोडी. ते धरली पायजे. पण घन टांगला की जोड सुटला पायजे. साखळी नाई, हात नाई. जोड." मग घन खाली उतरवत, "आपुन उलटंच केलं, बाई."

मग आम्ही बापलेक तेच करत बसलो. पातळ कडी, एकच टाका. हातोडी धरते, घनही धरते, म्हणजे जास्त झालं. त्याहून पातळ. हातोडीलाच सुटली, म्हणजे कमी झालं. गेटाचे जोड टिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस छताखाली उभा राहून जोड कधी तुटतो याची वाट पाहत होता. शेवटी एक कडी अशी जमली की हातोडी झुलत राहिली आणि घन टांगताक्षणी खाली पडला, पोत्यावर, धपकन. बाबांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं.

"अवं, तुटली."

आतून आई म्हणाली, "चहा ठेवू का?"

तेव्हापासून कड्यांचा नवा पुडा उघडला की आधी हातोडी आणि मग घन, ही आमच्या दुकानाची रीत झाली. गिऱ्हाइकांना वाटतं आम्ही गेट बनवून राहिलो. बोलावलेल्या बायका एकेक करून आल्या, काही कटकट करत आल्या. बाबा प्रत्येकीला आईचं प्लास्टर दाखवायचे आणि म्हणायचे, "बाई, हे माह्या जोडानं झालं. जोड पक्का होता. आता हा कच्चा देतो, तुमचा हात पक्का राह्यला पायजे." आई बिचारी दर वेळी हात पुढे करून नमुन्यासारखी उभी राहायची. कटकट करणाऱ्याही मग तिची विचारपूस करूनच जायच्या.

डोळ्याच्या तपासणीला मी बाबांसोबत गेली आणि भिंग सोबत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "यातून कधीमधी एखादा टाका मारला तर डोळ्याला काही होणार नाही, बाबा. मारायचा आहे का?" बाबा बूट पाहत राहिले. मग त्यांनी आमच्यापैकी कोणाला कधीच न सांगितलेली गोष्ट एका परक्या बाईला सांगितली.

"मले भेव लागते, मॅडम. एकच डोळा राह्यला. चमकलं अन् मंग काहीच दिसलं नाई तं?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "ते औषधानं जात नाही," म्हणाल्या. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना मी बाबांचा हात धरला, त्यांनी धरू दिला.

पुन्हा दसरा आला. या वेळी पूजा बाबांनी केली. जुन्या मशीनला आणि माझ्या कुकराएवढ्या मशीनला एकाच झेंडूच्या माळेत गुंफलं. दसऱ्याला मशीन चालवायची नसते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम घरचं करायचं, ही बाबांची जुनी पद्धत. दरवर्षी ते घरातली काही तरी मोडकी वस्तू जोडायचे, बादलीची कडी नाहीतर खाटेचा पाय. मी शटर वर केलं तर आई आधीच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेली. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. मनगटावर साखळीचा पांढरा वण होता.

"घाल," म्हणाली.

मी चामड्याचा तुकडा घेतला, तर तिनं हात मागे घेतला. "तू नाई. यायनं."

बाबा आपल्या जागेवर पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे ताठ झाले. मी आईला डोळ्यांनी दटावलं, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"आवो," ती म्हणाली. "माह्या हाताले तुमच्या जोडानं लागलं. आता नवा जोडबी तुमीच द्या."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग बाबा उठले. टेबलाशी आले, माझ्या स्टुलावर बसले, धोतरासारखी लुंगी आवरून घेतली. मी तीच चांदीची साखळी दिली, मधे नवी पातळ कडी. हात त्यांचे विसरलेले नव्हते. चिमटा त्यांनी मला न विचारता बरोबर धरला, चामडं सारखं केलं, कडी कांडीजवळ नेली. आईचा हात त्यांच्या तळहातावर होता. मग त्यांनी डोकं खाली करून डोळा भिंगाला लावला आणि तिथंच थांबले. त्यांच्या कानामागे घाम आलेला मला दिसत होता.

"पाहू नको," ते आईला म्हणाले, नेहमीच्या आवाजात.

आईनं ऐकलं नाही. मी लग्नानंतरच्या तिच्या सगळ्या आयुष्याची साक्षीदार नाही, पण माझ्या समोर तरी ही पहिलीच वेळ. तिनं मोकळा हात लांब करून भिंतीच्या खिळ्यावरची काळ्या काचेची ढाल काढली, बाबांची जुनी ढाल, दोन्हीकडून चरे पडलेली, आणि आपल्या तोंडासमोर धरली. नाकातली मोरणीसुद्धा तिच्यामागे झाकून गेली. केवढी मोठी ढाल आणि केवढीशी चमक. मला हसू आवरेना.

"मारा आता," ढालीमागून आई म्हणाली.

बाबांनी पायानं बटण दाबलं. टिक्.

बाबांचा हात डोळ्यावर गेला नाही. त्यात आईचा हात होता.

आईनं ढाल खाली घेतली. आधी मनगटाकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. "दिसलं मले," म्हणाली. "यवढंसं होतं. यवढ्यासाठी जनमभर मान वळवाले लावली?"

बाबांचा डोळा अजून भिंगालाच होता. ते हलत नव्हते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "बाबा?"

त्यांनी डोकं वर केलं. उजवा डोळा उघडा होता आणि वाहत होता. त्यांनी साखळी पाहिली, कडी पाहिली, आईच्या मनगटावरचा वण पाहिला, मग आईचं तोंड पाहिलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"मलेबी दिसलं," बाबा म्हणाले.